बहीण आली की उठायचं

सोनीचा भाऊ कितिओने याला सगळा गाव चांगला म्हणायचा, आणि मीही म्हणायचे. दुसऱ्या गावांत सोनीसारख्या, मुलगा म्हणून जन्मून बाईसारखं राहणाऱ्या पोरांना बापानं घराबाहेर काढल्याचं, भावांनी सोटा घेऊन झोडपल्याचं आम्ही ऐकून होतो. कितिओनेनं कधी बोटही लावलं नाही. तो सोनीच्या मांडीला मांडी लावून जेवायचा, तिच्या पाठीत धपका घालायचा, तिच्यादेखत पादायचा आणि वर तिच्यावरच ढकलायचा. किती मोकळ्या मनाचा आहे बघा, असं आम्ही बायका चटया विणता विणता म्हणायचो. आमची अक्कल तेवढीच होती.

तिचं बाप्तिस्म्याचं नाव सामीसोनी, बायबलातल्या त्या केसाळ पैलवानाचं. थोरला मुलगा झाला, दांडगा निघेल, या हिशेबानं बापानं ठेवलं. केस तेवढे निघाले. सात वर्षांची झाली तेव्हा भावाबरोबर माडावर चढायचं सोडून ती माझ्या आईशेजारी येऊन बसायला लागली आणि केवड्याच्या पानांचे काटे काढायला शिकली. माझ्याहून ती पाच वर्षांनी लहान, पण वर्षभरात तिची वीण माझ्यापेक्षा बारीक यायला लागली. मला त्याचा राग यायचा. माझी आई मात्र म्हणायची, हात चांगला आहे, हात कुणाचा आहे ते कशाला बघायचं.

अशांना आमच्याकडे लेइती म्हणतात. ज्या घरात मुलगी नसते तिथे एक मुलगा असा होतो, असंही म्हणतात. सोनीच्या घरी दोघंच, ती आणि कितिओने, त्यामुळे लोकांना ते पटायचं. पण चर्चच्या कोपऱ्यावरच्या घरात पाच मुली होत्या आणि तिथेही एक लेइती होती. मी हे बोलून दाखवलं की सगळ्या म्हणायच्या, अकानेसी, तुला फाटे फोडायची सवयच आहे.

आता भावाबहिणींचं सांगायला हवं, कारण सगळं त्यावरच आहे. आमच्यात भाऊ आणि बहीण वयात आले की एका खोलीत बसत नाहीत. मुलगे मागच्या झोपडीत झोपायला जातात. बहीण आत आली की भाऊ उठतो आणि बाहेर जातो, मग टीव्हीवर रग्बीचा सामना चालू असो की तोंडात घास असो. तिच्या कानावर तो वावगा शब्द पडू देत नाही, आणि त्याच्यासमोर तिच्याबद्दल कुणी चावट बोललं तर मारामारी ठरलेली. यात राग नसतो, दुरावा नसतो. याचंच नाव मान. माझा भाऊ गेली पन्नास वर्षं मला पाठमोराच जास्त दिसला आहे, आणि मी कुठेही गेले तरी त्या पाठीच्या जोरावर ताठ चालते.

सोनी बारा वर्षांची झाली तेव्हा बापानं तिची चटई मुलांच्या झोपडीत टाकली. दोन दिवसांनी ती चटई उचलून स्वयंपाकाच्या खोपीत आली. आईनं काही विचारलं नाही, बापानं काही सांगितलं नाही. पुढे आई गेल्यावरही ती तिथेच झोपत राहिली, चुलीच्या उबेला, मुलांतही नाही आणि मुलींतही नाही. सकाळी कितिओने यायचा, तिला पायानं ढोसायचा आणि म्हणायचा, "ऊठ रे सामा, चहा टाक." सगळा गाव तिला सोनी म्हणायचा, तो एकटा सामा म्हणायचा.

तिच्यावाचून गावाचं अडायचं मात्र सगळीकडे. चर्चमधली फुलं तिची, मुलींचा नाच बसवायचा तर तिनं, मयताच्या घरी शंभर माणसांचं रांधायचं तर तिनं. रविवारी ती कमरेला बायकांची विणलेली झालर बांधून यायची आणि पुरुषांच्या बाकावर बसायची, कारण पाद्रीबुवांनी तसं सांगितलं होतं. पाद्रीबुवा तिच्याकडे न बघता पापाविषयी तासभर बोलायचे आणि मग जाऊन तिनंच केलेली, नारळाच्या दुधात शिजवलेली अळूची पानं दोनदा मागून खायचे. आगबोटीवरचा एक माणूस वर्षभर तिच्याकडे येत होता, तेही गावाला ठाऊक होतं. त्याला कुणी काही म्हटलं नाही. तो पुरुषच राहिला, पुढे त्याचं लग्न झालं, आणि लग्नातल्या चटया सोनीनं विणल्या. कुणाबरोबर निजता यावरून आमच्याकडे माणसाला नाव पडत नाही. कुठलं काम करता, कुठे बसता, तुम्ही आलात की कोण उठतं, यावरून पडतं. एकदा परदेशातून एक बाई कागद घेऊन आली होती, चौकोनांत खुणा करायच्या होत्या, तुम्ही यातले कोण म्हणून. सोनीनं सगळे चौकोन नीट वाचले आणि म्हणाली, यात चटया कोण विणतं आणि चूल कोण पेटवतं ते तर विचारलेलंच नाही.

आणि मग तो शुक्रवार. आमच्याकडचे पुरुष शुक्रवारी कावा, म्हणजे मुळ्या कुटून केलेलं गुंगीचं पेय, प्यायला गोल करून बसतात. वाढायला एखादी मुलगी लागते, आणि ती बसलेल्यांपैकी कुणाच्या नात्यातली असून चालत नाही, कारण रात्रभर सगळे तिची चेष्टा करणार, वाह्यात बोलणार. तिचा सख्खा, चुलत, कसलाही भाऊ गोलात असेल तर त्यानं उठून घरी जायचं. त्या शुक्रवारी नेहमीची मुलगी तापानं पडली म्हणून त्यांनी सोनीला बोलावलं. ती अठ्ठावीस वर्षांची होती. कानामागे फूल खोचून, केस सोडून ती कटोऱ्यापुढे बसली. रिवाजाप्रमाणे एकानं विचारलं, हिचा कुणी भाऊ बसलाय का इथे? सगळ्यांनी कितिओनेकडे पाहिलं.

कितिओने म्हणाला, "भाऊ आहे की. पण हाही भाऊच आहे. वाढ रे सामा."

सगळे हसले. मग जे काय बोलायचं ते बोलले, आणि सगळ्यात मोठ्यानं कितिओने हसत होता. हे मला माझ्या नवऱ्यानं सांगितलं. तो तिथे होता, तोही हसला. सोनीनं शेवटच्या माणसापर्यंत वाढलं, कटोरा धुऊन ठेवला आणि परत कधी कावा वाढायला गेली नाही. आम्ही बायका म्हणालो, चढली आहे, हल्ली नखरे करते.

कितिओनेला एकच मुलगी, तेलेसिया. त्याची बायको लुपे गावाबाहेर व्हॅनिलाच्या शेंगा निवडायला जायची, पहाटे जाऊन अंधार पडता परतायची. म्हणून पोर सोनीच्या मांडीवर वाढली. तिची अंघोळ, वेण्या, शाळेचा डबा, पहिल्यांदा शहाणी झाली तेव्हाची समजूत, सगळं सोनीनं केलं. पोर तीन महिन्यांची असतानाच सोनीनं तिच्या लग्नाची चटई सुरू केली. एवढ्या बारीक विणीची चटई आमच्या बेटावर मी दुसरी पाहिली नाही. पानं समुद्रात भिजवायची, उन्हात पांढरी करायची, नखानं चिरून दोऱ्याएवढी करायची, आणि दिवसाला चार बोटं विणायचं. एकवीस वर्षं ते काम चाललं होतं.

तेलेसियाचं लग्न ठरलं तेव्हा पहिला प्रश्न निघाला तो आत्याचा. लग्न असो की मयत, आमच्याकडे बापाची बहीण सगळ्यांच्या वर बसते. तिच्या पाठीशी झाडाच्या सालीच्या कापडाची गुंडाळी लावतात, उत्तमातली उत्तम चटई तिच्यापुढे ठेवतात, केकचा वरचा मजला तिचा असतो. तिच्यावाचून लग्न म्हणजे नुसतं जेवण. घराण्याचे थोरले काका म्हणाले, ऑकलंडच्या वेसिनीला बोलवा. वेसिनी कितिओनेची चुलत बहीण. आमच्यात चुलत ती सख्खीच, त्यामुळे त्यात कुणाला खोट काढता येत नव्हती. तिनं तेलेसियाला उभ्या आयुष्यात दोनदा पाहिलं होतं. कितिओनेनं होकाराची मान हलवली.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघीच विणायला बसलो होतो. मला वाटलं, हिला चार शब्द धीराचे सांगावेत. मी म्हणाले, सोनी, मानाचं काय एवढं, सोडून दे. भाऊ तुला इतका जवळ करतो, हे काय थोडं आहे?

तिनं हातातलं पान खाली ठेवलं.

"ताई, तुझा भाऊ तुझ्याजवळ बसतो?"

"नाही."

"का नाही बसत?"

"अगं, बहीण ना मी त्याची."

तिनं पान पुन्हा उचललं. मला उमगायला जरा वेळ लागला, आणि उमगलं तेव्हा मला माझी लाज वाटली. चाळीस वर्षं मी ज्याला माया म्हणत होते, ते तिला रोज सकाळी पायानं ढोसून सांगितलं जात होतं की तू माझी बहीण नाहीस.

"मला ती वरची जागा नको," ती म्हणाली. "वेसिनीला बसू दे, तिचा हक्क आहे. पण त्या शुक्रवारी तो उठला नाही, ताई. अठरा वर्षं झाली. तो एकदाही उठला नाही."

माझ्या पोटात काही राहत नाही, हे गाव जाणतो. संध्याकाळी मी लुपेला सांगितलं, लुपेनं तेलेसियाला, आणि तेलेसियानं बापाला. कितिओने अंगणात बसून सुऱ्याला धार लावत होता. मुलगी त्याच्यापासून हातभर लांब बसली आणि खाली बघत म्हणाली, "पप्पा, आत्या कोण ते काकांनी ठरवलं. पण तुमची बहीण कोण, ते काकांना नाही ठरवता येत."

कितिओने धार लावत राहिला. मग म्हणाला, "माझे गुडघे दुखतात. या वयात सारखी उठबस कोण करणार?" आणि त्यानं सुऱ्याची दुसरी बाजू घासायला घेतली. लुपे मला म्हणाली, दगडावर पाणी, दुसरं काय.

लग्नाच्या आदल्या सकाळी वेसिनी आली. बाई मोठी घरंदाज, अंगानं भरलेली, आल्या आल्या सगळ्यांची चौकशी करणारी. घरात कितिओने आणि त्याचे तीन चुलतभाऊ चहा पीत बसले होते. वेसिनीचा पाय उंबऱ्यावर पडला मात्र, चौघेही कप तसेच टाकून उठले आणि वाकून बाहेर गेले. वेसिनीच्या मागे तिची बॅग घेऊन सोनी उभी होती. तिनं ते पाहिलं. थोड्या वेळानं कितिओने मागच्या दारानं खोपीत आला आणि म्हणाला, "सामा, आमचा चहा राहिला. इकडे दे." तिनं ओतून दिला.

दुपारी वेसिनी पाद्रीबुवांच्या घरी आडवी व्हायला गेली, आणि पुरुष पुन्हा आत येऊन बसले. मोठं पान वाढलेलं होतं, डुक्कर, कोनफळं, मासे. कितिओनेनं पाद्रीबुवांच्या डुकरिणीची गोष्ट काढली. ती गोष्ट सगळ्यांनी ऐकलेली, पण त्याच्या तोंडून ऐकायची मजा वेगळी, आणि त्यातली अर्धी मला इथे लिहिता येणार नाही. तेवढ्यात चटया आत नेऊन रचायची वेळ झाली. सोनीची चटई एकीला उचलण्यासारखी नव्हती. पुढचं टोक तिनं धरलं, मागचं मी.

आम्ही दारात आलो तेव्हा गोष्ट ऐन रंगात होती, डुकरीण न्हाणीत शिरली होती. कितिओनेनं वर पाहिलं. तो बोलायचा थांबला. बाकीचे पुढचं ऐकायला तोंड उघडं टाकून बसले होते. त्यानं एक हात जमिनीवर टेकला, एक गुडघ्यावर ठेवला. हात एकदा निसटला. मग तो उठला. आमच्याकडे बघितलं नाही, वाकून कडेकडेनं गेला आणि समोरच्या दारानं बाहेर पडला.

घरात कुणाला काही कळेना. एकानं विचारलं, पोट बिघडलं की काय याचं? पण तिघांतला थोरला चुलतभाऊ दाराकडे बघत होता. त्यानं सोनीकडे पाहिलं, पुन्हा दाराकडे पाहिलं, आणि हातातलं कोनफळ खाली ठेवलं. सख्खा उठला म्हटल्यावर चुलत कसा बसणार? तो उठला. मग दुसरा उठला. तिसरा जरा खादाड, तो ताट हातात घेऊनच गेला.

चटईच्या माझ्या टोकाला ओढ बसली म्हणून मी पाहिलं तर सोनी खाली बसली होती. ती रडत होती, आवाज न करता, आणि चटईवर पाणी पडू नये म्हणून तोंड एका बाजूला वळवून. मी चटई धरून उभी राहिले. माझेही डोळे भरले होते, पण दोघींनी रडलं तर चटई कोण धरणार?

लग्न रिवाजाप्रमाणे झालं. वर वेसिनी बसली. केकचा वरचा मजला तिला मिळाला, आणि उत्तमातली उत्तम म्हणून सोनीची एकवीस वर्षांची चटईही तिलाच मिळाली. परत जाताना ती सोनीनं स्वतः गुंडाळून, कापडात शिवून विमानासाठी बांधून दिली. त्यात तिला काही लागलं असेल तर मला दिसलं नाही. पाद्रीबुवांनी त्या लग्नानंतर बाकाचा विषय परत काढला नाही, आणि तिसऱ्या रविवारी सोनी येऊन माझ्याशेजारी बसली. मी सरकले.

मात्र कुठलीच गोष्ट फुकट मिळत नाही. त्या दुपारपासून कितिओने तिच्याबरोबर जेवला नाही, पाठीत धपका घातला नाही, सकाळी खोपीत आला नाही. काही सांगायचं तर लुपेच्या तोंडून. एकदा विणता विणता सोनीनं मला विचारलं, "ताई, त्या डुकरिणीचं पुढे काय झालं गं? न्हाणीत शिरली, मग?" मला पूर्ण येत नव्हती. माझ्या नवऱ्यालाही येत नव्हती. कितिओनेला विचारणं शक्य नव्हतं, कारण असली गोष्ट बहिणीच्या कानावर घालत नाहीत. ती हसली आणि पुन्हा विणायला लागली. चाळीस वर्षांची संगत होती ती, कसलीही असली तरी.

याला आता बारा वर्षं झाली. गेल्या पावसाळ्यात कितिओनेचा उजवा पाय साखरेच्या आजारानं गुडघ्यापासून कापावा लागला. दवाखान्यातून आणलं तेव्हापासून तो चाकाच्या खुर्चीत असतो. त्याचं पथ्याचं जेवण सोनी रांधते, लुपेला मीठ कमी घालणं कधी जमलं नाही. रोज ताट लुपे येऊन घेऊन जायची. मागच्या महिन्यात लुपेची कंबर धरली, म्हणून सोनी म्हणाली, मीच नेते. मी सोबत निघाले.

खोपीतून निघताना ती म्हणाली, आता त्याला उठता येत नाही. ताट बाहेर ठेवून हाक मारीन आणि परत फिरेन. अंगणात आलो. दार उघडं होतं. आत खुर्चीत कितिओने दिसत होता, आमच्याकडे मानासाठी गुंडाळतात ती चटई कमरेला, मांडीवर रेडिओ. आमची पावलं त्याला ऐकू गेली. त्यानं रेडिओ बंद करून बाजूला ठेवला, दोन्ही हात खुर्चीच्या दांड्यांवर रेटले, अंग उचलून पाहिलं. ते उचललं गेलं नाही. सोनी ताट घेऊन जागच्या जागी थांबली.

मग आतून त्याचा आवाज आला. इतक्या वर्षांत तो शब्द त्याच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकला.

"लुपे, मला बाहेर ने. बहीण आली माझी."

लुपे कंबर धरून उठली आणि खुर्ची ढकलत त्याला मागच्या दारानं बाहेर घेऊन गेली. चाकं उंबऱ्यावर एकदा अडली, मग उतरली. सोनी दंडाला तोंड पुसून आत गेली, त्याच्या जागेपुढे ताट ठेवलं, त्यावर केळीचं पान झाकलं, आणि रेडिओ त्याच्या हाताशी येईल असा सरकवून ठेवला.